मुलांच्या कलाने चालणारं पाळणाघर : ‘आज काय शिकवलंत?’ याला उत्तर काय द्यायचं?

सुरसागरकाठची
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा काढायची पहिलीच वेळ आहे. सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर कारेलीबागेत. चार वर्षं झाली, घरातच पाळणाघर चालवते. मुलं सहा. धाकटी सव्वा वर्षाची, थोरला साडेतीनचा. सहाच्या वर घेत नाही. मोठी माणसं तीन : मी, नऊ ते पाच येणाऱ्या हंसाबेन आणि माझे सासरे. त्यांना सगळी मुलं आबा म्हणतात. रेल्वेतून निवृत्त झाले, मिश्या भरघोस, आणि त्या मिश्या ही आमच्याकडची सर्वात लोकप्रिय खेळणी आहेत.

जेवण, झोप आणि संध्याकाळी खाली अंगणात जाणं, एवढ्याच वेळा ठरलेल्या. बाकी दिवस मुलांच्या कलाने. टीव्ही बंद. बैठकीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे मुलांचे. त्यात वाट्या, झाकणं, चाळणी, नरसाळं, जुनं कुलूप आणि किल्ली, चिंध्यांची टोपली. रोज सकाळी कणकेचा एक गोळा जास्तीचा मळते, तो संध्याकाळपर्यंत काळा होतो.

आता मुद्दा. आमच्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला इथे डबू म्हणते. आज सकाळी त्याने मोरीच्या उंबऱ्याशी बसून एका तांब्यातलं पाणी नरसाळ्यातून बाटलीत ओतलं. मग बाटलीतलं परत तांब्यात. पन्नास मिनिटं! सुरुवातीला बाटली भरून वाहायची तरी हा ओततच राहायचा. साधारण दहाव्या खेपेला बाटलीच्या गळ्याशी पाणी आलं आणि त्याचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. शेवटी आपण होऊन पोतेरं आणलं आणि जमीन पुसली, म्हणजे तळं मोरीपासून बैठकीपर्यंत नेलं.

पाचला आई आली. चांगली बाई आहे, बँकेत असते, थकलेली असते. नेहमीसारखं विचारलं, “आज काय शिकवलंत?” मी आनंदाच्या भरात म्हटलं, “आज पाणी ओतलं!” तिचा चेहरा पडला. रात्री मेसेज आला : शेजारची त्याच वयाची मुलगी इंग्रजीत रंग सांगते, ए टू झेड म्हणते. आम्ही महिन्याला पाच हजार पाणी ओतायला देतो का? खाली डबूच्या आजीचं वाक्य जोडलं होतं, “ते तर तो घरी फुकट करतो.”

हसू नका. मला खरंच विचारायचं आहे. गिरवायच्या वह्या आणून सकाळचा एक तास ‘अभ्यास’ सुरू करू का? आणि नसेल करायचा, तर रोज पाच वाजता त्या दारात उभी राहून मी काय सांगू?

*

शेवउसळ

माझा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे. अजून ओट्यावर पाणी सांडून ठेवतो आणि पोतेरं आणत नाही. तुमच्याकडे एखादी जागा आहे का?

*

पळसपान

वाचतेय. आमच्या मजल्यावर असंच सुरू करायचा विचार आहे, त्यामुळे जाणकारांनी तपशिलात लिहा प्लीज.

*

बालवाडीच्या_बाई

सुरसागरकाठची, वह्या आणू नका. पण तुमच्या उत्तरात चूक आहे, ती सांगते.

मी बडोद्याच्याच होम सायन्सची. आमच्या फॅकल्टीची चेतन बालवाडी होती, आम्हा विद्यार्थिनींना तिथे निरीक्षणाला बसवत. एक मूल निवडायचं, पंधरा मिनिटं कोपऱ्यात गप्प बसायचं, आणि ते जे करतं तेवढंच लिहायचं. माझ्या पहिल्या वहीत मी लिहिलं होतं, ‘मुलगा हट्टी आहे.’ बाईंनी खाली लाल रेघ मारून विचारलं, “हट्टी दिसला कसा? तू काय पाहिलंस?” मी पाहिलं होतं ते एवढंच, की त्याने ठोकळा चार वेळा मागितला आणि चारही वेळा त्याला दुसरा दिला गेला. रेघ बघून रडायला आलं होतं. नंतर तीस वर्षं त्याच रेघेवर नोकरी केली.

तुम्ही आईला सांगितलंत ‘पाणी ओतलं’. आम्हाला मात्र इथे सांगितलंत की दहाव्या खेपेला हात थांबला. हे दुसरं वाक्य आईला का नाही सांगितलं? भरत आलेलं भांडं डोळ्यांनी ओळखून मनगट आवरणं ही लहान गोष्ट नाही. पुढे पेन्सिल धरायची ती त्याच मनगटाने.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे, हेही सांगा. गिजुभाई बधेका पेशाने वकील. त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर काढलं. मुलांत इतके रमले की लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. आपल्या ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार, म्हणून शिंपले, बिया, खडे, जे हाताशी असेल ते घेतलं. तुमचं कुलूप आणि किल्ली त्याच वळणाचं आहे.

*

शेवउसळ

म्हणजे आबा हे अधिकृत मूछाळी मा. पाटी लावा दारावर.

*

तिरपागडा

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून जरा दुसरी बाजू.

‘मुलाच्या कलाने’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. माझी मुलगी दुसऱ्या एका शहरात अशाच एका घरगुती पाळणाघरात होती. नाव, गाव सांगत नाही. सांगताना सगळं हेच : आम्ही काही लादत नाही, मूल आपोआप शिकतं. एक दिवस ताप आला म्हणून दुपारी अचानक आणायला गेलो. अकरा मुलं टीव्हीसमोर ओळीने बसलेली आणि बाई आतल्या खोलीत फोनवर. मुलीचा डायपर सकाळी मी घातलेलाच. त्याला त्या फ्री प्ले म्हणायच्या.

आता मला सांगा, बाहेरून बघणाऱ्या बापाला तुमचं पाणी ओतणं आणि त्यांचा फ्री प्ले यांतला फरक कळणार कसा? गिरवलेली वही निदान हातात घेऊन बघता येते. त्या आईला नावं ठेवू नका. ती पुरावा मागतेय.

*

मांडवीचा_मुलगा

ए टू झेडवाल्यांना एकच विचारा. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही. डबूच्या हातात साडेतीन वर्षं आहेत. एवढी घाई कुठल्या गाडीची?

बाकी ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या बडोद्यात अडीच वर्षांच्या पोराची परीक्षा घेतात हे वाचून न्यायमंदिरासमोर, म्हणजे जुन्या कोर्टासमोरच्या रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं.

*

चिंचगुळ

न्यायमंदिरासमोर बसायला जागा मिळाली की आम्हालाही कळवा. पार्किंगला हवी आहे.

*

दोन_जुळी

तिरपागडा यांच्या ‘पुरावा मागतेय’ला निम्मं अनुमोदन. निम्मंच, कारण मी ती आई आहे. म्हणजे डबूची नाही, पण तीच.

माझी जुळी अकराव्या महिन्यापासून पाळणाघरात. मकरपुऱ्याला कंपनीत असते, सकाळी आठला सोडायचं, सहाला घ्यायचं. मीही रोज तोच प्रश्न विचारायचे, “आज काय केलं? काय शिकवलं?” बाई म्हणायच्या, “जेवली, झोपली, खेळली.” मला तेव्हा त्या बाईंचा भयंकर राग यायचा. का, ते तेव्हा समजत नव्हतं. मुलांना एबीसीडी येत नाही म्हणून नव्हता तो. दहा तास माझी मुलं माझ्याविना होती आणि त्या दहा तासांतलं मला काहीच मिळत नव्हतं, म्हणून होता. एकाने पहिलं पाऊल टाकलं ते तिथे. मला दोन दिवसांनी कळलं, तेही बोलता बोलता.

‘शिकवलंत काय’ हे विचारायला सोपं असतं हो. ‘माझी आठवण काढली का’ असं दारात उभं राहून विचारता येत नाही.

*

सुरसागरकाठची

दोन_जुळी, तुमचा प्रतिसाद वाचून स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे आवरत बसले. हे चार वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बालवाडीच्या बाई, लाल रेघ मान्य. उद्यापासून वही घालते.

तिरपागडा, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे यायचं तर न सांगता या, बेल न वाजवता या, दाराला आतून कडी नसते, जाळीच्या दाराला वरचा खटका असतो. पुरावा म्हणून एवढंच देऊ शकते. कॅमेरा लावा म्हणून एका वडिलांनी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. हे माझं घरही आहे, आणि कॅमेऱ्याकडे बघून वागायला लागले की मुलांकडे बघायचं राहील. चूक असेल, पण ते तसंच आहे.

*

हिशेबनीस

भावनेचं चाललंय ते चालू द्या, मी जरा रुक्ष लिहितो.

१) सोसायटीची लेखी परवानगी घ्या. घर भाड्याचं असेल तर मालकाचीही. पहिली तक्रार नेहमी लिफ्टवरून आणि चपलांवरून येते.
२) पालकांशी दोन पानांचा करार करा. वेळ, सुट्ट्या, आजारी मूल आणायचं नाही, मूल न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो. उशिराचे पैसेसुद्धा लिहूनच ठेवा. तोंडी बोललेलं पाच वाजून चाळीस मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.
३) हंसाबेनची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी. विश्वास आहे म्हणून टाळू नका.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी : २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली (पहिल्या दोन मुलांसाठी), आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. आपल्या कंपनीत विचारून बघा. विचारणारं कुणी नसलं की सोय कागदावर राहते.

*

दोन_जुळी

विचारलं होतं. ‘जागा बघतोय’ म्हणाले. जुळी आता चौथीत आहेत.

*

ग्वाल्हेरकर

शिंदे की छावणीतून रामराम. आमच्या वाड्यात पाळणाघर हा शब्द नव्हता, पण चार बिऱ्हाडांची नऊ मुलं आजीच्या ओसरीवर असायची. हिवाळ्यात ती मटारची पाटी मधोमध ठेवायची आणि कुणालाही ‘सोल’ म्हणायची नाही. स्वतः सोलत बसायची. पाच मिनिटांत नऊच्या नऊ मुलं पाटीभोवती. निम्मे दाणे पोटात जायचे, एखादा नाकात. माझ्या चुलत बहिणीच्या नाकातला दाणा काढायला डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी पाटी परत मधोमध.

*

डॉ_खडीसाखर

नाकातल्या मटारावरून आलेच. पाळणाघरवाल्यांसाठी, घाईत :

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांना देऊ नका. घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरा, दाण्याचं कूट करा. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही.

पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडात पुरळ येणारी साथ येते, तिला हँड-फूट-माऊथ म्हणतात. ताप जाऊन फोड सुकेपर्यंत मूल घरी. पालक ‘किडा चावला’ म्हणून आणून सोडतील, तळवे उघडून बघा.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचंच. तापाचं औषध देण्यासाठी मुलाचं वजन आणि पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय : दोन वर्षांच्या आत नकोच, दोन ते चारला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. टीव्ही बंद ठेवता हे उत्तम.

*

पळसपान

डॉक्टर, धन्यवाद, हे कागदावर उतरवून फ्रिजवर लावलं.

सुरसागरकाठची, एक विचारू? कलाने म्हणजे किती कलाने? मूल म्हणालं जेवायचं नाही तर नाही? आणि चावरं मूल असेल तर? माझ्या भाचीला तिच्या पाळणाघरात आठवड्यात तीनदा चावलं गेलं.

*

सुरसागरकाठची

पळसपान, चांगलं विचारलंत. लोकांना वाटतं आमच्याकडे ‘नाही’ हा शब्दच नाही. आहे, आणि तीन ठिकाणी पक्का आहे : गॅसजवळ नाही, गॅलरीच्या जाळीवर चढायचं नाही, दुसऱ्याला दुखवायचं नाही. तिथे कलबिल काही नाही, उचलून बाजूला. या तीन ‘नाहीं’ना कधी सूट नसते, म्हणून बाकी ठिकाणी मला मोकळं सोडता येतं. दिवसभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत राहिलं की मुलांना गॅसचा नाही आणि चिंध्यांचा नाही एकसारखाच वाटतो.

जेवणाचं : ताटात काय वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते मूल. मऊ भात, वरण, तूप रोज असतं. दोन मुलं जैन आहेत म्हणून कांदा, लसूण, बटाटा सगळ्यांनाच नाही. वरणात गूळ मात्र घालावा लागतो. गुजराती पोरं बिनगोडाचं वरण जिभेवर ठेवून माझ्याकडे असं बघतात की मीच काही गुन्हा केलाय.

चावण्याचं. आमच्याकडे पावणेदोन वर्षांची मिनी आहे. गेल्या महिन्यात तिने डबूच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दातांची अगदी महिरप उमटली. मी आधी डबूला घेतलं, ओलं फडकं धरलं. मग मिनीला एकच वाक्य : “त्याला दुखलं. चावायचं नाही.” सॉरी म्हणायला लावलं नाही. पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या तोंडचं सॉरी आपल्यासाठी असतं, चावा खाल्लेल्यासाठी नसतं.

दोन दिवसांनी पुन्हा. मग बाईंच्या त्या निरीक्षणासारखंच, नकळत, मी वेळ लिहून ठेवायला लागले. दोन्ही वेळा साडेअकरा, दोन्ही वेळा मोरीशी, हात धुवायच्या रांगेत. भूक लागलेली, मागून ढकलाढकल, आणि तिला अजून ‘सरक’ म्हणता येत नाही. जेवण पंधरा मिनिटं आधी घेतलं, हात धुवायला दोघादोघांना नेलं. त्यानंतर चावे बंद झाले असं लिहिलं तर खोटं होईल. नंतरही दोनदा झाले. पण पहिल्यासारखे लागोपाठ नाहीत.

डबूच्या आईला त्याच दिवशी सांगितलं, कुणी चावलं ते नाव न घेता. तेवढ्यात डबू जिन्यातून ओरडला, “मिनीए बटकुं भर्युं!” सगळ्या इमारतीला कळलं.

*

कोरडा_पाऊस

आमच्या वेळी एक धपाटा घातला की चावणं, ढकलणं, सगळं जागच्या जागी. आम्ही काय बिघडलो?

*

चिंचगुळ

रात्री दीड वाजता अनोळखी लोकांशी पाळणाघरावरून भांडतोय आपण. बिघडलो नाही कसं म्हणता?

*

बालवाडीच्या_बाई

कोरडा_पाऊस, चावणाऱ्याला धपाटा घालून आपण त्याला काय सांगतो? जो मोठा आहे त्याने लहानाला दुखवलं तर चालतं. ते तो लगेच शिकतो. धाकट्यावर करूनही दाखवतो.

सुरसागरकाठची, वेळ लिहिलीत, फार बरं वाटलं. लाल रेघ मागे घेतली.

*

रावपुरावाला

अवांतर : गुजराती मुलं तुम्हाला हाक काय मारतात? माझ्या बायकोला सगळी सोसायटी ‘मासी’ म्हणते आणि सासूबाई पुण्याहून आल्या की विचारतात, “कुठे आहे माशी? दार लावून घ्या.”

*

सुरसागरकाठची

मासीच! दिवसभर घरात ‘मासी, मासी’ घोंगावत असतं. मराठी मुलं मावशी म्हणतात, आणि आमचा साडेतीन वर्षांचा वीर दोन्हीकडून वाद नको म्हणून ‘मासीमावशी’. भाषेचं मी काही करत नाही. मी मराठी बोलते, हंसाबेन गुजराती, आबा रेल्वेची हिंदी. मुलं कुणाशी काय बोलायचं ते बरोबर जाणतात. पाणी माझ्याकडे मागताना पाणी, हंसाबेनकडे ‘पाणी पीवुं छे’.

*

इंदूरी_भिया

इंदुरात यातलं काही लागत नाही. सकाळी पोहे, संध्याकाळी सराफ्याची खाऊगल्ली. मूल आपोआप शहाणं होतं.

*

तिरपागडा

सराफ्यात मुलाला रात्री अकराला नेणाऱ्यांनी पालकत्वावर बोलू नये. (गंमत करतोय, दिवा घ्या.)

सुरसागरकाठची, जाळीच्या दाराचं वाचलं. तुमच्याबद्दल माझं मत बदललं, पद्धतीबद्दल नाही. तुमच्याकडे सहा मुलांमागे तीन माणसं आहेत, त्यातले आबा फुकट. हेच वीस मुलं आणि दोन बाया अशा ठिकाणी करून दाखवा. तिथे कलाने घेतलं तर तासाभरात कुणाचं तरी डोकं फुटेल. म्हणजे हे मुळात ज्यांना परवडतं त्यांचं आहे. आणि शाळेत पन्नास मुलांच्या वर्गात तुमचा डबू नरसाळं मागेल तेव्हा काय?

*

सुरसागरकाठची

वीस मुलांत मला जमणार नाही, शंभर टक्के खरं. म्हणून तर सहा घेते. उरतं फार थोडं. हंसाबेनचा पगार, किराणा, जादा पाण्याचा जार, मोडलेल्या वस्तू जाऊन महिन्याला हातात राहतं ते सांगितलं तर हिशेबनीस मला दुकान बंद करायला सांगतील. आबा फुकट नाहीत, त्यांना दुपारी दोनदा चहा लागतो.

शाळेचं मला ठाऊक नाही. इथून गेलेली मुलं पहिले पंधरा दिवस रडतात, बाकीची रडतात तशीच.

पण एक सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्याकडे एका नर्सची मुलगी होती, तेव्हा दोन वर्षांची. आई हॉस्पिटलात ड्यूटीवर अडकली, वडील नदीच्या पलीकडे, पूल बंद. आमच्या खालच्या मजल्यात कमरेइतकं पाणी, वीज नाही, व्हॉट्सॲपवर नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ती मुलगी दोन रात्री इथे राहिली. पहिल्या संध्याकाळी सातला ती दाराशी जाऊन आईच्या चपला ठेवतात त्या जागेवर बसली. मी ‘आई येईल हं आत्ता’ असं म्हटलं नाही, कारण येणार नव्हती. म्हटलं, “आईकडे जायचंय ना. पाणी आहे. आज आई नाही येणार.” ती रडली. खूप रडली. आबा तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले, काही बोलले नाहीत. पाऊण तासाने तिने त्यांची मिशी धरली आणि तशीच झोपली. आबांना मान हलवता येईना. साडेनऊपर्यंत ते तसेच, मेणबत्तीच्या उजेडात.

आईला मी नंतर हे सगळं सांगितलं, रडण्यासकट. ती म्हणाली, बरं झालं खोटं सांगितलं नाहीत. आणि मंगळवारी डबूच्या आईला मात्र मी दोन शब्दांत वाटेला लावलं. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

*

पळसपान

आबांना नमस्कार सांगा.

*

मांडवीचा_मुलगा

पुरात आम्ही अकोट्याला दूध आणायला ट्यूबवर बसून गेलो होतो. वेगळा धागा काढतो.

*

सुरसागरकाठची
तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय, पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

वही घातली. रोज प्रत्येक मुलाची एक गोष्ट, दोन ओळींत, चिठ्ठीवर लिहून रिकाम्या डब्यात ठेवते. सहा चिठ्ठ्यांना मुलं झोपलेली असताना वीस मिनिटं लागतात. कधी लिहिण्यासारखं काही नसतं, तेव्हा तेच लिहिते : ‘आज नुसता लोळला.’ डबूच्या पहिल्या चिठ्ठीत पाण्याचंच लिहिलं, दहाव्या खेपेला थांबलेल्या हातासकट. आणि खाली : ‘चार वाजता गाडीचा हॉर्न ऐकून आई म्हणाला. तुमचा नव्हता.’

दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं गेलं हे गिऱ्हाईक. मग परवाच्या शनिवारी अर्धा तास आधी आली आणि आत येऊन बसली, चपला काढून, जमिनीवर. डबू कणकेच्या गोळ्यात वाटाणे खुपसत होता. तिने विचारलं, “हा कुठला रंग?” तो म्हणाला, “वाटाणा.” तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. तीही हसली, जरा उशिरा.

तिचं म्हणणं सोडलेलं नाही. जाताना म्हणाली, “चिठ्ठ्या छान आहेत मासी, पण रंग तरी सांगत चला ना.” मी म्हटलं सांगेन. वाटाणे देताना ‘हिरवा वाटाणा’ म्हणायला माझं काय जातं? वही मात्र नाही.

हार म्हणावी अशी गोष्टही झाली. आमचा मासीमावशी गेला. त्याच्या घरच्यांना गणवेश असलेलं, गाडी न्यायला येणारं ठिकाण हवं होतं. चांगली माणसं, पेढे देऊन गेली. त्याची चिठ्ठी मात्र परवा सवयीने लिहायला घेतली होती.

*

दोन_जुळी

हॉर्नचं वाक्य तीनदा वाचलं.

*

तिरपागडा

माझा मुद्दा कायम आहे. चिठ्ठीचा नमुना मात्र टाका, आमच्या पाळणाघराच्या बाईंना दाखवतो. (धाकट्याला दुसरीकडे घातलंय. आता अचानक जात असतो.)

*

शेवउसळ

म्हणजे तुमच्याकडे एक जागा रिकामी झाली तर! मघाशी विचारलं होतं, उत्तर नाही आलं.

*

सुरसागरकाठची

झाली आहे. पोतेरं घरून आणायचं.